शिकंज्यातली धार

धारवाल्या बाबांच्या कारखान्यात यंत्र एकच होतं. आणि कारखाना म्हणजे तरी काय, रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. दाराशी उजेड, आत अंधुक, आणि मधोमध लोखंडी पायांवर बसवलेलं दगडी चाक. चाकावर डब्यातून पाणी ठिबकत राही, आणि चाक फिरू लागलं की ओल्या दगडाचा आणि तापल्या पोलादाचा मिळून एक वास खोलीभर पसरे. गेली नऊ वर्षं ते यंत्र बाबांची थोरली लेक चालवत होती. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा ती त्यांच्या जागी बसली, ती बसलीच. गिऱ्हाइकं सुरुवातीला दचकली, मग त्यांना सवय झाली, आणि आता तर सगळी गल्ली तिला नुसतं ताई म्हणे. लग्नाचं कुणी काढलंच तर ती म्हणायची, "झालंय की माझं, या चाकाशी. दिवसभर गुरगुरतो, पण उलट बोलत नाही."

धार लावण्यातलं अर्धं कसब चाकात नसतं, शिकंज्यात असतं. पातं पाठीकडून धरून ठेवायचं आणि चाकासमोर नेमक्या कोनात टेकवायचं, एवढंच शिकंज्याचं काम. दोन जबडे, ते आवळणारा एक स्क्रू, आणि खाली मागेपुढे सरकणारी बैठक. पण पातं केसभर जरी हललं, तरी धार एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी व्हायची. त्या वर्षी जुन्या शिकंज्याचे जबडे झिजले. ताईनं मध्ये चामड्याचा तुकडा घालून पाहिला, पत्र्याची पट्टी घालून पाहिली. शेवटी सलूनवाल्याचा आवडता वस्तरा सरकला आणि टोकाशी त्याचा टवका उडाला, तेव्हा तिनं ठरवलं की आता ठिगळं पुरे, नवाच करायचा.

नकाशा बाबांच्या हत्यारांच्या कपाटात मिळाला. पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं काढलेला, मापं बाबांच्याच अक्षरात. यातले जबडे नेहमीसारखे सरळ नव्हते. ओंजळ मिटत आणावी तसे आतून किंचित वळलेले होते. बाबा वर झोपले होते, म्हणून तिनं विचारलं नाही. पुठ्ठा पलीकडच्या टर्नरला दिला आणि आठवड्याभरात त्यानं शिकंजा आणून दिला.

"माप तंतोतंत आहे," टर्नर म्हणाला. "फक्त एक कळलं नाही. आतला भाग घासून गुळगुळीत करायचा राहिला होता. काल ठेवून गेलो, आज बघतो तर झालेला."

"तुम्हीच केला असेल आणि विसरला असाल."

"असेल," तो म्हणाला. नेहमी दहा मिनिटं टेकल्याशिवाय न जाणारा माणूस, पण त्या दिवशी उंबऱ्यातूनच परतला.

संध्याकाळी बाबा खाली आले. यंत्रावर नवा शिकंजा पाहून ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

"हा कुणी करायला सांगितला?"

"तुमच्याच कपाटात नकाशा होता, बाबा."

"कपाटात होता म्हणजे करायचाच होता, असं नाही."

"मग टाकून का नाही दिलात?"

बाबा वळले आणि जिना चढून परत वर गेले. वयानुसार माणूस हट्टी होतो, असं मनाशी म्हणून ताईनंही विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिला वस्तरा चढवला. स्क्रू आवळायला लागलाच नाही म्हणा ना, जबडे जवळ आले आणि पातं आत बसलं. चाकाला टेकवल्यावर नेहमी जी किरकिर होते ती झाली नाही. ठिणगी उडाली नाही. पातं तापलंही नाही. तिनं ते उजेडात धरलं, आणि नऊ वर्षांत अशी धार आपल्या हातून उतरली नव्हती हे तिला बघताक्षणी कळलं. सवयीनं अंगठा हलकेच आडवा फिरवला आणि कातडी उकलली. रक्त आलं नाही. दुखलंही नाही. तिनं चिंधी गुंडाळली आणि पुढचा वस्तरा चढवला.

त्या महिन्यात तिनं त्या शिकंज्यावर बरीच पाती काढली. सलूनवाल्याचे वस्तरे, रोपवाटिकेतल्या माळीकाकांच्या छाटणीच्या सुऱ्या, आणि चौकापलीकडच्या छोट्या प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंची चार पाती. नर्सबाई जुन्या वळणाच्या होत्या. नाळ कापायला कात्रीपेक्षा पात्यावर त्यांचा भरवसा. ताईनं ती चार पाती जास्तच मन लावून काढली, कारण त्याच प्रसूतिगृहात तिच्या धाकट्या बहिणीचं नाव घातलेलं होतं. धाकटीचा नवरा बोटीवर कामाला, म्हणून ती वरच्या खोलीत ताईकडेच राहत होती. याआधी दोनदा आशा लागून ओसरली होती. या खेपेला नववा महिना लागला तरी घरात कुणी मोठ्यानं आनंद करत नव्हतं. दृष्ट लागेल म्हणून नव्हे, धीर होत नव्हता म्हणून.

तीन आठवड्यांनी सलूनवाला हसत हसत आला.

"ताई, धार लावा म्हटलं होतं, माझ्या पोटावर पाय द्या असं नव्हतं म्हटलं."

"का, काय झालं?"

"गिऱ्हाईकच येईना. शाळेतले मास्तर एक दिवसाआड येणारे. काल रस्त्यात धरलं, म्हटलं रागावलात का? तर म्हणे, दाढी वाढतच नाही, येऊ कशाला." सलूनवाल्यानं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. त्याचं हसू जरा ओसरलं. "माझीही वाढलेली नाही. मी आपला समजत होतो, वय झालं."

ताई हसली. पण तो गेल्यावर चाक सुरू करायला तिला थोडा वेळ लागला.

धाकटीला कळा सुरू झाल्या त्या पुढच्या आठवड्यात, एका पहाटे. ताई तिला घेऊन प्रसूतिगृहात गेली. नर्सबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "अजून वेळ आहे. घरी जाऊन कपडे घेऊन या, इथं बसून तुम्हीच घाबराल." ताई घरी परतली तेव्हा माळीकाका दारात उभे होते. हातात कुंडी, कुंडीत छाटलेला गुलाब. मागे बाबा खुर्चीवर बसले होते आणि त्यांची नजर कुंडीवरून हलत नव्हती.

"ताई, माझं काही म्हणणं नाही," माळीकाका म्हणाले, "फक्त हे बघा. महिना झाला छाटून. जुन्या सुरीनं छाटलेली झाडं कमरेएवढी फुटली. तुमच्याकडून आणलेल्या सुरीनं छाटलेली दोनशे झाडं अशी उभी आहेत. फुटत नाहीत. वाळतही नाहीत."

ताईनं वाकून पाहिलं. फांदीचा काप हिरवा आणि ओला होता. आत्ता, या क्षणी कापल्यासारखा. कापाखाली फुटव्याचा एक डोळा अर्धा उमलून तसाच थांबला होता. तिनं बोट लावलं. बोटाला थंड चीक लागला.

मग तिनं अंगठ्याची चिंधी सोडली.

जखम उघडी होती. तिला खपली नव्हती, पू नव्हता, आणि कडा मिळालेल्या नव्हत्या. महिनाभरापूर्वी जशी उकलली होती तशीच, आत लालसर, स्वच्छ, ओली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही हा शिकंजा आधी केला होता."

"एकदा. तू पाळण्यात होतीस."

"मग?"

"माझा भागीदार होता. पहिलं पातं काढताना त्याच्या तळहाताला लागलं." बाबांनी आपले थरथरते हात एकमेकांत धरले. "अकरा वर्षांनी तो गेला. गेला तेव्हाही ती जखम ओली होती." मग त्यांनी मान वर केली. "कुणाकुणाची पाती काढलीस?"

सलूनवाला, म्हणताना ती थांबली. माळीकाका, म्हणताना तिला पुढचं नाव आठवलं.

कपड्यांची पिशवी घरीच राहिली. चौक, मग शाळेची भिंत, मग प्रसूतिगृहाची तीन पायऱ्यांची चढण. वाटेत कुणी तिला हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही. दारातच बाळाचं रडणं कानावर आलं.

"मुलगी," नर्सबाई हात पुसत म्हणाल्या. "लबाड निघाली, वाट बघितली नाही. आणि ताई, तुमची पाती आज पहिल्यांदाच बाहेर काढली, काय धार लावलीत हो! टेकवलं न टेकवलं तोच नाळ दोन तुकडे."

ताई मटकन बाकावर बसली. नर्सबाईंना वाटलं, आनंदानं.

पुढच्या दिवसांत तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फक्त नर्सबाईंकडची चारही पाती काहीतरी निमित्त काढून परत आणली. बेंबीची नाळ आठवड्याभरात सुकते आणि गळून पडते. आठवडा झाला. दहा दिवस झाले. पंधराव्या दिवशी धाकटीनं दुपटं बाजूला करून दाखवलं. नाळेचा बोटभर देठ होता तसाच, गुलबट आणि ओला. बाळ दूध पीत होतं, झोपत होतं, हाक मारली की बघत होतं. पण काट्यावर वजन जन्माच्या दिवशी होतं तेवढंच.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "हिला काही होणार नाही ना?"

"मी आहे ना," ताई म्हणाली.

त्याच दुपारी ती कारखान्यात एकटी बसली. शिकंज्याला हात न लावता तिनं एक साधं पातं घेतलं आणि सपाट दगडावर हातानं घासलं. किरकिर झाली, पातं तापलं. तो आवाज ऐकून तिला भरून आलं. मग तिनं दात आवळले आणि अंगठ्याच्या त्या जखमेच्या कडेनं, जरा खालून, पातं ओढलं.

जीव कळवळेल असं दुखलं. आणि रक्त आलं.

चार दिवसांत जुन्या-नव्या दोन्ही जखमांवर खपली धरली. तेच पातं तिनं माळीकाकांकडे नेलं होतं. गुलाबाची फांदी जुन्या कापाच्या खाली, पण डोळ्याच्या वर छाटली, आणि पाचव्या दिवशी तो थांबलेला डोळा फुगला.

नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी ना हसून उडवलं, ना वाद घातला. बाळाचं वजन त्यांनीही रोज लिहून ठेवलेलं होतं. "दुसऱ्यांदा नाळ कापायची," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सबंध आयुष्यात नाही केलं मी हे." त्यांनी ताईचं पातं वीस मिनिटं उकळलं. धाकटीनं बाळाचे पाय धरले आणि मान फिरवली.

नाळेला वेदना नसते म्हणतात. पण पातं लागलं तेव्हा बाळानं जो टाहो फोडला, तो ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. रक्ताचा एक थेंब आला. कापलेला देठ नर्सबाईंनी कापसावर ठेवला.

"द्या तो इकडे," बाबा म्हणाले. काठी टेकत टेकत ते कधी मागे येऊन उभे राहिले होते, कुणाला कळलं नव्हतं. "त्याचं काय करायचं ते मी बघतो."

उरलेली नाळ सहाव्या दिवशी वाळून पडली. महिन्याभरात मुलगी दीडपट झाली. ताईनं शिकंज्यावर काढलेली बाकीची सगळी पाती परत मागवली आणि दगडावर घासून त्यांची धार मारून टाकली. टर्नरनं शिकंज्याचे करवतीनं आठ तुकडे केले, ते भट्टीत गेले, आणि पुठ्ठा ताईनं आपल्या हातानं जाळला. सलूनवाल्यानं मास्तरांना नव्या वस्तऱ्यानं एकदा कोरडंच खरवडलं. मास्तरांनी त्याला चार शब्द सुनावले, आणि तिसऱ्या दिवशी खुंट घेऊन दाढीला हजर झाले. आयुष्य रुळावर आलं. त्या महिन्याबद्दल मात्र घरात परत कुणी तोंड उघडलं नाही.

बाबा गेले तेव्हा भाची सहा वर्षांची होती. दिवसकार्य आटोपलं, धाकटीचा नवरा बोटीवर परतला, आणि एका सकाळी ताईनं बाबांची खोली आवरायला काढली. चष्मे, औषधाच्या बाटल्या, बटणं तुटलेले सदरे. सगळ्यात खाली, लोकरी टोपीत गुंडाळून ठेवलेली, पत्र्याची एक छोटी डबी होती. झाकणाला भोकं पाडलेली होती, आत हवा जावी अशी.

तिनं झाकण काढलं. आत कापूस होता, पांढरा, मऊ, नुकताच बदलल्यासारखा. शेजारी आणखी कापसाची गुंडाळी, अर्धी संपलेली. थरथरत्या हातांनी हे काम किती कठीण गेलं असेल, असं तिच्या मनात आलं. सहा वर्षं त्यांनी हे टाकलं नव्हतं, जाळलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं कापूस बाजूला केला.

देठ ओला होता. एका टोकाला शिकंज्यातल्या त्या धारेचा काप होता, चकचकीत, स्वच्छ.

खाली रस्त्यावर भाची दोरीवरच्या उड्या मारत होती. मोठ्यानं मोजत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.

ताईनं देठाला हात लावला. तो गरम होता. आपल्याला भास होतोय की काय, हे बघायला तिनं अंगठ्यानं तो किंचित दाबला.

दोरीचा आवाज थांबला.

"मावशी," खालून आवाज आला. कुरकुर नव्हती त्यात, एखादी रोजची गोष्ट मागावी तशी साधी विनवणी होती. "आजोबा दाबायचे नाहीत."