गंगूची रिकामी मूठ

मी सोलापुरात हायस्कुलात शास्त्र शिकवतो. पोरं माझ्यामागे मला 'पुरावा सर' म्हणतात, कारण कुणी काही सांगितलं की मी आधी पुरावा मागतो. म्हणू देत. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी वर्गाबाहेर काढलेलं आहे. तेव्हा पुढचं वाचून कुणी 'सर, पुरावा?' म्हणालं, तर माझ्याकडे काही नाही. हात तेवढा आहे.

एप्रिल १९७८ मध्ये माझी बायको रुद्राणी चौतीस किलोची झाली होती. आमची गंगू घटसर्पाने गेली त्याला अडीच वर्षं होत आली होती. सहा वर्षांची होती. रुद्राणी अजून तिचं ताट वाढायची आणि स्वतः दोन घास खाऊन उठायची. तिच्या आईने मंद्रूपहून येऊन समजावलं, शेजारणींनी समजावलं, मी तर ओरडलोसुद्धा. कसलं काय! ती नुसती बघायची.

शेवटी मिरजेला शिकून आलेल्या एका डॉक्टरांकडे नेलं. माणूस शहाणा होता. म्हणाला, "दुःख सगळ्यांनाच होतं, पण हळूहळू पचतं. यांचं घशात अडकलंय. तो दिवस यांना रोज सांगू द्या. डोळे मिटून, आत्ता घडतोय तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही मध्ये बोलू नका. सांगून सांगून धार कमी होते. आणि घरात मुलीचं काही लपवून ठेवलेलं असेल तर तेही समोर येऊ द्या. आहे का काही?"

"नाही," मी म्हणालो.

मग मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "वजन आणखी घसरलं तर मी काही करू शकणार नाही, सर."

रोज चारला, गिरणीचा भोंगा झाला की आम्ही सोप्यात बसायचो. रुद्राणी सांगायची. सकाळचा ताप, घशातली घरघर, टांगा, दवाखान्यातला पांढरा पडदा. गंगूला उचलून न्यायला माणसं आली तिथे रुद्राणीची शुद्ध गेली होती, म्हणून गोष्टही तिथेच थांबायची. रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, ती आलीच नव्हती. नऊ दिवस असं चाललं. ती रडायला लागली, मला बरं वाटलं. आधी ती रडतही नव्हती.

दहाव्या दिवशी ती थांबली नाही.

"आता मला खाली बसवायलेत," ती म्हणाली. "मांडी घालून. पाठीला माती लागतीया. लई गार हाय."

मला. ती 'मला' म्हणाली होती. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं होतं, चालू ठेवा.

अकराव्या दिवशी तिने विभूती सांगितली, मीठ सांगितलं, बेलाची पानं सांगितली. आमच्यात दफन कसं करतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण माझा डावा पाय खड्ड्याच्या काठावरून घसरला होता, तेही तिने सांगितलं. कुणीतरी बोललं असेल, असं मी स्वतःला बजावलं.

बाराव्या दिवशी ती म्हणाली, "अप्पानं माझी मूठ मिटली. मुठीत काय न्हाय."

गंगू मला अप्पा म्हणायची.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी त्याला इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावरून उतरत नाही आणि मेल्यावर डाव्या तळहातावर ठेवून माणसाला पुरतात. स्वामींनी सांगितलं तेव्हा मीच खड्ड्यात उतरलो होतो. गंगूच्या गळ्यातली गाठ मी सोडली, रिकामी मूठ मिटली, आणि लिंग माझ्या खिशात टाकलं. का? मला पोर द्यायची नव्हती, म्हणून. दुसरं काही कारण नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्यांमागे मी ते ठेवलं होतं. रोज मधल्या सुट्टीत दार लावून हातात धरून बसायचो. बायको वेडी झाली म्हणून तिला डॉक्टरकडे नेणारा मी!

तेराव्या दिवसापासून रुद्राणी जेवताना डावा हात उताणा ठेवू लागली. "दुखतोय," म्हणायची. "किती येळ उघडा धरायचा?" वजन बत्तीस झालं. सतराव्या दिवशी तिने पाणीही नको म्हटलं.

मी तिच्या पाया पडलो. नवरा असून पाया पडलो. "रुद्राणी, घोटभर तरी घे गं!"

"मी कुटं नगं म्हणतीया?" ती म्हणाली. "हात मोकळा झाल्याबिगर कसं खाऊ? हात तर उघडा धरून ठिवलाय की."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी रुद्रभूमीत गेलो. लिंग रुमालात होतं. राखणदार मडिवाळप्पा लिंबाखाली बसला होता. गंगूची जागा विचारली तर तो उठून पुढे चालू लागला.

"उन्हाळ्यात समदीकडं भेगा पडत्यात, मास्तर," तो म्हणाला. "हितं मातुर एक भोकच पडतंय. बुजवलं की परत. लई डाव बुजवलं."

भोक लहान मुलाच्या मनगटाएवढं होतं. कडा गुळगुळीत होत्या.

"उंदीर," मी म्हणालो.

"उंदीर न्हाय," मडिवाळप्पा म्हणाला आणि लिंबाकडे परत गेला.

मी माती उकरून भोक हाताएवढं केलं आणि पालथा पडलो. खड्डा पुरुषभर खोल होता, मीच त्यात उतरलो होतो. हात पोहोचायला नको होता. तरी मी लिंग तळहातावर ठेवून हात खांद्यापर्यंत आत घातला.

"गंगू," मी म्हणालो. "चुकलं गं माझं."

आत ऊब होती.

मग बोटं लागली. लहान, उबदार. त्यांनी माझा तळहात चाचपला.

लिंग उचललं गेलं.

मी हात ओढून काढला. मडिवाळप्पाने पाटी आणली, माती लोटली, पायाने दाबली.

घरी आलो तर चूल पेटलेली. रुद्राणी भाकरी थापत होती. ताटात शेंगाची चटणी, दही. ती जेवली. दीड भाकरी जेवली. मी दाराला टेकून लहान पोरासारखा रडलो. चारचा भोंगा झाला, तरी ती सोप्यात आली नाही.

"आता सांगायचं काय न्हाय," ती म्हणाली. "संपलं. तुमी बसा की जेवायला."

मी बसलो. ती माझ्याकडे बघत होती, बऱ्याच दिवसांनी माणसासारखी.

"अवो," ती म्हणाली, "पोर काय म्हणाली ठावं हाय का?"

"काय?"

"अप्पाचा हात माझ्याहून गार हाय म्हणाली."

तिने तव्यावरची फुगलेली भाकरी उचलून माझ्या त्याच तळहातावर ठेवली आणि स्वतःची बोटं भाजली म्हणून फुंकर मारली. भाकरीतून वाफ निघत होती. मी ती तशीच धरून बसलो. हाताला काहीच जाणवत नव्हतं.