माझ्यामागून म्हण

हे मी सांगत नाही, लिहिते आहे. त्याचे कारण पुढे येईल. चौतीस वर्षे मी वर्गात उभी राहून बोलले, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही माझा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू जात असे. त्या आवाजाचा मला अभिमान होता. तो लपवावा असे मला कधी वाटले नाही.

मार्चमध्ये मी मिशिगनमधील ट्रॉय या गावी आले, ती एका साध्या कामासाठी. माझी भाची आसावरी तेथे मानसशास्त्रात संशोधन करते. तिचा नवरा राजीव मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या स्वानंदीला मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. मे महिन्यात तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिने मराठीतून एखादी नाट्यछटा करावी आणि ती मी बसवून घ्यावी, एवढेच ठरले होते.

गावाचे नाव ट्रॉय, म्हणून मी ग्रीकांचीच कथा निवडली. नार्सिसस हा देखणा तरुण पाण्यात स्वतःचे रूप पाहून त्यावर भाळतो आणि काठावरच झिजून मरतो. त्याच्यामागे एको नावाची वनकन्या फिरत असते. तिला शाप असा, की स्वतःचे एकही वाक्य बोलता येत नाही. दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे तिच्या तोंडून उमटतात. नार्सिससचे भाषण स्वानंदीने करायचे, आणि पडद्यामागून एको मी व्हायचे.

घरामागे, पावसाचे पाणी साठावे म्हणून वसाहतीने खोदलेले एक तळे आहे. मधोमध कारंजे, काठाला पिवळी डॅफोडिल्स. तालीम आम्ही तेथेच करत असू.

“आजी, व्हाय इज ही सो डंब? इट्स जस्ट वॉटर,” स्वानंदी पहिल्याच दिवशी म्हणाली.

“इंग्रजी नको. माझ्यामागून म्हण.”

“बट आय वाँट टु से इट माय वे.”

“तुझी पद्धत नंतर. आधी माझ्यामागून म्हण.”

ती म्हणू लागली. श्वास कोठे घ्यायचा, मान कधी वळवायची, सारे मी ठरवून दिले. देवनागरी अक्षरे मी तिला शिकवली नाहीत; बोलणे माझ्यासारखे झाले की पुरे, असे मला वाटले. एप्रिलच्या अखेरीस, डोळे मिटून ऐकले तर ती बोलते आहे की मी, हे मलाच ओळखता येईना. त्याचा मला इतका आनंद होई, की गरज नसतानाही मी तिच्याकडून तेच तेच म्हणवून घेत असे.

आसावरी हे खिडकीतून पाहत होती. एकदा डिशवॉशर रिकामा करताना ती म्हणाली, “मावशी, रागावू नकोस, पण सांगू? आम्ही ज्याला नार्सिसिझम म्हणतो ना, त्याला आरसा काचेचाच लागतो असं नाही. समोरचं माणूसही चालतं.”

“ते तुझ्या प्रबंधात लिही,” मी म्हणाले. “ती पातेली इकडे दे.”

कार्यक्रम उत्तम झाला. अनोळखी बायका मला येऊन सांगत होत्या, की मुलीचा आवाज अगदी तुमचा आहे. परतताना गाडीत राजीव म्हणाला, “मावशी, तुम्ही तर हिचा क्लोनच केलात यार.” सगळे हसले. स्वानंदी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, हसायचे की नाही हे मी सांगेन म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःचे काहीच बोलेना. दूध हवे का, असे विचारले तरी माझ्याकडे पाहून थांबे. मी “हवे” म्हणाले, की माझ्याच आवाजात “हवे” म्हणे. दोन दिवस मी याला शिस्त समजले. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिले, ताप उतरला नाही.

“मावशी, तू दृष्ट काढ ना हिची,” आसावरी म्हणाली. मानसशास्त्राची अभ्यासक, पण डोळ्यांत पाणी होते.

मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मी मुलीवरून उतरवल्या. आल्यागेल्याची, पाहुण्यांची, मंडळातल्या बायकांची, अशी सगळ्यांची नावे घेतली. माझे घेतले नाही. ते मला सुचलेच नाही.

मी शेगडीकडे वळले तसा राजीव मध्ये आला. “जाळू नका मावशी, प्लीज. गेल्या वेळी धुराचा अलार्म वाजला आणि दारात फायर ट्रक उभा. अख्खी गल्ली बाहेर आली होती.”

“मग सिंकमध्ये टाकू?”

“आणि कचरा दळायचं ते डिस्पोजल चालू केलं की मिरच्यांचा फवारा तोंडावर? मागे तळ्यात टाका ना.”

जे जाळायचे ते पाण्यात टाकू नये, आणि टाकताना थांबू नये, असे माझी आई सांगत असे. मी सुशिक्षित बाई. मी तळ्यावर गेले.

संध्याकाळचे साडेआठ झाले होते, तरी तिकडचा उजेड सरत नाही. कारंजे बंद होते. कापलेल्या गवताचा आणि चिखलाचा वास येत होता. मी वाकून मूठ उघडली, आणि पाण्यात मी दिसले. केस नीट विंचरलेले, चंदेरीचा पदर बसलेला, अडुसष्टाव्या वर्षीही कणा ताठ. मला मी आवडले. म्हणून मी थांबले.

मोहरी पडत होती. पाण्यावर वलये उठत होती, पसरत होती… आणि चेहरा मात्र हलत नव्हता.

मग त्याचे ओठ हलले. माझ्या वर्गातल्या, स्वच्छ आवाजात तो म्हणाला, “माझ्यामागून म्हण.”

माझे तोंड आपोआप उघडले. “…म्हण.”

सकाळी स्वानंदी स्वयंपाकघरात स्वतःच्या आवाजात न्याहारीला दूध-सीरियल मागत होती. आसावरी मला बिलगली. “मावशी, बघ, ताप उतरला.”

“…उतरला,” मी म्हणाले.

मला आणखी खूप काही म्हणायचे होते.

माझ्या मेंदूची तपासणी झाली; काही सापडले नाही. लिहिताना वाक्ये पूर्ण होतात, बोलताना होत नाहीत. तळ्याजवळ मुलीला जाऊ देऊ नका, हे मी लिहून दिले. आसावरीने कागद घडी करून ठेवला आणि मला विश्रांती घ्यायला सांगितले.

जूनमध्ये, अशाच एका न सरणाऱ्या संध्याकाळी, घरात स्वानंदी आणि मी दोघीच होतो. मागचे सरकते काचेचे दार उघडे होते. तळ्याकडून माझा आवाज आला. इतक्या मायेने मी आयुष्यात कोणाला हाक मारली नव्हती.

“स्वानंदी… बाळा… इकडे ये.”

नको जाऊस, असे मला ओरडायचे होते. “…ये,” एवढेच माझ्या तोंडून निघाले.

मुलीने तळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “आजी,” तिने विचारले, “तू इथे आहेस की तिथे?”

मी ओठ दातांखाली धरले. तरी तो शब्द आलाच.

“…तिथे.”

ती धावत सुटली. मी तिला गाठले तेव्हा पाणी तिच्या घोट्यापर्यंत आले होते.

तेव्हापासून राजीवने दाराच्या खोबणीत लाकडी दांडा आडवा टाकला आहे. स्वानंदी सुखरूप आहे. तिचे मराठी दिवसेंदिवस सुधारते आहे. कोण शिकवते, ते आसावरीने विचारलेले नाही. तिला वाटते, मीच. मी मुलीला कागदावर इंग्रजीत लिहून दाखवले, की तुझी आजी मी आहे. तिने तो शांतपणे बाजूला सारला. “आजी म्हणते, इंग्रजी नको.”

आणि ती आता मला ‘तू’ म्हणत नाही. पाहुण्यांना म्हणावे तसे ‘तुम्ही’ म्हणते.

काल संध्याकाळी ती दाराशी बसून तळ्याकडे पाहत होती. मी शेजारी बसले. ती हळूच म्हणाली, “तुम्हाला माहीत असेल ना? आजी आज घरात येणार?”

“…येणार,” मी म्हणाले.

ती हसली. उठून तिने दांडा काढला आणि भिंतीला नीट उभा करून ठेवला. ती वर तिच्या खोलीत झोपायला गेल्यावर मी तो पुन्हा बसवला. दोनदा हलवून पाहिला.

आज सकाळी दांडा जागच्या जागी होता. दाराच्या आतल्या बाजूला, लादीवर, मोहरीचे दाणे पडले होते. ओले. तेथून ते जिन्यापर्यंत गेले होते.