रवि, चल घरी

“रव्या, तू आत्ता कुठं आहेस?”

एवढंच विचारायचं होतं. सायली आणि अंजूनं पैज लावली होती, की हा प्रश्न मला विचारताच येणार नाही. मला! जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत अख्खं सभागृह गप्प बसवून ढाल घेऊन आलेली मी. त्याआधी हजेरीला ‘हजर मॅडम’ म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा, पण ते झालं गेलं. आता मला कशाचीच भीती वाटत नव्हती. आणि विचारायचं तरी कोणाला होतं? माझ्याच सात वर्षांच्या भावाला, व्हिडिओ कॉलवर.

“इचार की मग,” बीडहून शाळेतून परतताना बसमध्ये अंजू म्हणाली. “लई भाषण ठोकती ना स्टेजवर?”

“विचारते. त्यात काय एवढं?”

“आन् त्यानं उत्तर दिलं तर?” सायलीनं हळूच विचारलं.

वक्तृत्ववाली वर्षाराणी, म्हणजे मी, खिडकीबाहेर बघायला लागले. कारण रवि जर्मनीतल्या एका दवाखान्यात होता आणि कितीतरी दिवस कोणाशी एक अक्षरही बोलला नव्हता.

नीट पहिल्यापासून सांगते.

आम्ही पालीचे. बिंदुसरा धरणाची भिंत जिथून दिसायला लागते तिथं, महामार्गाला लागूनच पप्पांचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे, आणि दुकानामागं आमचं घर. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डबा घेऊन धरणावर गेलो होतो. रवि सांडव्याजवळच्या दगडांवरून पाण्यात खडे मारत होता. एकदम तो खाली बसला. नाकातून रक्त आलं आणि ते थांबेचना. पप्पांनी उचललं तेव्हा त्या पांढरट दगडावर मोठा लाल डाग पडला होता. रवि त्या दगडाकडंच बघत होता, मान वळवून वळवून, गाडीत बसेपर्यंत.

मग बीड, मग संभाजीनगर, मग पुणे. त्याच्या हाडांमधला मगज रक्त बनवायचा बंद झाला होता. नेहमीच्या उपचारानं थोडा बरा झाला, परत आजारी पडला. त्याला झालेल्या प्रकारच्या आजारावर जर्मनीत नवा उपचार होता. एका संस्थेनं सगळं जमवून दिलं. रक्त कोणाचं जुळेल ठाऊक नव्हतं म्हणून पासपोर्ट चौघांचेही काढले. आईचं जुळलं. आई गेली.

निघायच्या दिवशी रवि पायरीवर हटून बसला. त्याला त्याच्या निळ्या चपला न्यायच्या होत्या. तो कायम चपला उलट्या घालायचा, उजव्या पायात डावी आणि डाव्यात उजवी. सरळ केल्या की चिडायचा. आईनं नवे बूट चढवले तेव्हा त्यानं चपला पायरीवर नीट मांडल्या, म्हणजे उलट्याच, आणि मला दम दिला, “ताई, हात लावू नको. मी आलो की घालीन.”

सुरुवातीला तो फोनवर खूप बडबडायचा. आमची संध्याकाळ असली की तिथं दुपार. काचेची खोली, आई डोक्यापासून पायापर्यंत निळ्या कपड्यात, तोंडाला मास्क. रविच्या डोक्यावर एकही केस नाही. “ताई, हितल्या चिमण्या लई जाड्या हायेत,” तो सांगायचा. “कबुतरावानी.” मग ताप आला. आईच्या हाडांतला मगज त्याच्या अंगात गेला होता, पण कामाला लागत नव्हता. डॉक्टर म्हणत होते, वाट बघा.

वाट बघणं पप्पांना जमत नाही. टेस्टर लावल्याशिवाय वायरवरही विश्वास न ठेवणारा माझा बाप दुकानात बसून नुसता रस्त्याकडं बघत राहायचा. शेजारच्या सावित्रीबाई एकदा भाजी द्यायला आल्या आणि पप्पांना म्हणाल्या, “अण्णा, पोरगं ज्या जागी पडलं तिथून त्याला हाक मारून आनलं का तुमी? भेलेलं लेकरू अर्धं तिथंच ऱ्हातं.”

ही हाक आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. शेतातून निघतानासुद्धा आई मागं वळून म्हणते, “रवि, चल रे घरी,” मग तो तिच्या कडेवर का असेना. पण पडलेल्या जागेवरून आणायचं म्हणजे जरा मोठं काम. तिथलं पाणी तांब्यात घ्यायचं, नाव घेऊन हाक मारायची, हाक मारत मारत घरी यायचं. वाटेत कोणाशी बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. घरातलं कोणीतरी उंबऱ्याच्या आत उभं राहून विचारतं, कोण आलं? मग ते पाणी लेकराच्या डोक्यावरून उतरवायचं.

मी विज्ञानवाली आहे. मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. पण पप्पांनी दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि ते तांब्या घेऊन धरणाकडं चालू लागले तेव्हा मी त्यांना हसले नाही.

ऊन उतरलं होतं. महामार्गावर ट्रकांची रांग होती. त्या आवाजातही पप्पांची हाक लांबून ऐकू आली. “रवि, चल घरी. रवि, चल बाळा घरी.” अनवाणी, मान खाली, दोन्ही हातांत तांब्या. आमच्या दुकानाच्या सावलीत झोपणारं कुत्रं उठलं. ते पप्पांकडं बघत नव्हतं. पप्पांच्या थोडं मागं, थोडं खाली बघत होतं. मग ते शेपूट पायात घालून रस्ता ओलांडून पलीकडं गेलं.

मी उंबऱ्याच्या आत उभी होते.

“कोण आलं?” मी विचारलं. अगदी स्टेजवरच्या आवाजात, खणखणीत.

“रवि आला.”

“कोण आलं?”

“रवि आला.”

“ये मग घरात.”

पप्पा आत आले. त्यांनी तांब्या पुढं धरला, सात वर्षांच्या पोराचं डोकं जेवढ्या उंचीवर असतं तेवढ्यावर. आणि तसेच थांबले. खाली कोणीच नव्हतं.

सावित्रीबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात नेला. “अगं बया! अण्णा, लेकरू परत आल्यावर करायचं असतं हे! ज्याला आनलं त्यानं शिरायचं कुठं? आजच कशाला गेलते तुमी?”

“तोवर थांबवंना, मावशी,” पप्पा म्हणाले.

पाणी कुठं ओतायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पप्पांनी तांब्यावर ताटली झाकून तो देवाच्या कोनाड्याखाली ठेवला.

थोड्या वेळानं आईचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, मास्कमुळं कळेना. रविचा ताप एकदम उतरला होता. “पर वर्षे, त्यानं माझं बोट धरलं होतं गं. आत्ताच सोडलं. डोळे उघडे हायेत, बोलतच न्हाई.”

त्यानंतर तिथं सगळं सुधारत गेलं. रक्त वाढायला लागलं. मेंदूचेही फोटो काढले, तेही नीट निघाले. डॉक्टर आईला अंगठा दाखवून हसायचे. रवि घास तोंडात घातला की गिळायचा, उठवलं की बसायचा, झोपवलं की झोपायचा. फोनवर आम्ही हाका मारून दमलो, तर तो छताकडं बघत राहायचा.

“रिपोर्ट लई चांगले हायेत,” आई म्हणाली. “फक्त त्यात रवि न्हाई.”

आणि इथं?

इथं पहिल्यांदा चपला हलल्या. झाडताना मी त्या पायरीवरून उचलून सरळ लावून ठेवल्या होत्या. शाळेतून आले तर उलट्या. पप्पांचं काम असेल म्हणून परत सरळ केल्या. संध्याकाळी परत उलट्या. पप्पा म्हणाले, “म्या कशाला हात लावू?”

मग मोरीतला नळ. रविला तो कधीच घट्ट बंद करता यायचा नाही. आता रोज सकाळी थेंब थेंब गळत असायचा. मी दोन्ही हातांनी आवळायचे, तरी.

घरात ओल्या दगडाचा वास यायला लागला. शेवाळाचा. पाणी उतरल्यावर सांडव्याजवळ येतो तसा. कोनाड्याखालचा तांब्या भर उन्हाळ्यातही हात लावला तर गार लागायचा.

माझी वेणी सगळ्यात शेवटी. रविला झोपताना माझ्या वेणीचं टोक मुठीत लागायचं, ते पिळून पिळून तो कानात घालायचा आणि मी त्याला फटके द्यायचे. एका सकाळी उठले तर वेणीचं टोक ओलं होतं. दोरीसारखं पीळ घातलेलं.

मी ओरडले वगैरे नाही. मी प्रयोग करायचं ठरवलं. सायलीला रविवारी घरी बोलावलं, तिच्यासमोर चपला सरळ लावल्या, घराला कुलूप घातलं, किल्ली तिच्याच हातात दिली. आम्ही दोघी दुकानात जाऊन पप्पांच्या काउंटरवर भुईमुगाच्या शेंगा खात बसलो. सायली तोंडानं भुतांचे आवाज काढत होती, मी हसत होते. परत गेलो. पायरीवर चपला उलट्या होत्या, आणि एकीच्या टाचेत ओला चिखल होता. आमच्या अंगणात फरशी आहे.

सायली लगेच घरी निघाली. शेंगाही विसरली.

सोमवारी बसमध्ये तिनंच ही पैज काढली. “तिथला बोलत न्हाई आन् इथला दिसत न्हाई. मग विचार की त्यालाच, कुठं हाय म्हणून.” अंजूला ते भारी वाटलं. सायली मात्र हसली नव्हती.

त्या संध्याकाळी मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. पप्पा शेजारी मांडी घालून बसले. ओसरीचं दार उघडं होतं, पायरी तिथून दिसते. पडद्यावर काचेची खोली आली, आईचे डोळे आले, मग उशीवर रविचं गोल टक्कल. गालांवर रंग चढला होता. किती महिन्यांनी.

“बोल बाई तुझ्या भावाशी,” आई म्हणाली. रोज म्हणायची तसंच.

मी घसा साफ केला. 

“रव्या, तू आत्ता कुठं आहेस?”

तो छताकडं बघत होता. बाहेर एक ट्रक गेला. नळ ठिबकला.

त्याचे ओठ हलले.

“पायरीवर.”

आईनं किंकाळी फोडली. आनंदाची! “बोललं! अहो, लेकरू बोललं माझं! काय म्हनलास राजा? परत म्हन!”

पप्पा फोनकडं बघत नव्हते. ते दाराकडं बघत होते.

“ताई,” रवि म्हणाला. आवाज घोगरा, पण त्याचाच. “चपला सरळ करू नको ना. मला घालता येत न्हाईत.”

मला मान हलवायची होती. ती हलेना.

“रवि,” आई त्याच्या तोंडावर वाकली, “घरी जायचंय ना बाळा? जाऊ आपन. लवकर जाऊ.”

“घरीच हाय मी. पप्पांनी आनलं.”

आईनं मान वळवून आमच्याकडं बघितलं.

“आई कुठंय?” त्यानं विचारलं.

“हितंच हाय रे! हे बघ, तुझा हात माझ्या हातात हाय.”

तो तिच्याकडंच बघत होता, अगदी समोर. आणि त्याचा चेहरा रडकुंडीला आला, बाजारात हात सुटलेल्या पोराचा येतो तसा.

“आई घरात न्हाई. मी सगळीकडं बघितलं. ताई, आई कुठंय?”

मग त्याचे डोळे परत छताला लागले. आई हाका मारत राहिली. मागून कोणीतरी परदेशी भाषेत काहीतरी विचारत होतं.

पप्पा दोन्ही हातांनी डोकं धरून बसले. “मी त्याला हितं आनून सोडलं,” ते म्हणाले. “आता परत तिथं कसं न्यायचं?” तांब्याकडं बघून ते म्हणाले, “विमानात पानी बी नेऊ देत न्हाईत.”

“त्याला हितून सोडायला अजून महिने लागतील म्हनत्यात डॉक्टर,” फोनमधून आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तोवर हे असंच? आन् तिकडं ते एकटंच फिरत बसनार?”

मी उठले.  आता बोलले तर आवाज माझा स्वतःचा निघणार होता, ढाल मिळाली त्या दिवसासारखा.

दारापाशी गेले. शेवाळाचा वास दाट झाला होता. चपला उलट्याच होत्या, उजवीच्या जागी डावी. मी त्यांना हात लावला नाही. “रव्या,” मी म्हणाले, “चल. आईकडं जायचं.”

चपलांचे निळे पट्टे हळूच वर उचलले गेले. आतून भरल्यासारखे ताणले. तसेच राहिले.

मी पाठ फिरवली. आता मागं बघायचं नव्हतं, दवाखान्याच्या त्या काचेपर्यंत. वेणीला खालून बारीकसा हिसका बसला.

“पप्पा,” मी म्हणाले, “आई, तूही ऐक. मी येतेय तिकडं. दहावीचा अभ्यास तिथं करीन. वाटभर मी हाक मारत राहीन, मागं वळणार नाही, आणि तू फक्त दारात उभी राहून विचार, कोण आलं म्हणून. तिकीट एकच काढा, पप्पा. त्याला मी मांडीवर घेईन. चपला घालून झाल्यात त्याच्या.”