यादीबाहेरचे कंदील

पारखी खालच्या खोऱ्यापर्यंत आली होती आणि दिवाळीच्या आत ती डांगेपठारावर पोचणार, असं केंद्राच्या नकाशावर दिसत होतं. गावोगाव तिला लोक देवाच्या जागी मानत. खरं तर ती प्रयोगशाळेत घडवलेली एक बुरशी. तिचे केसाहून बारीक तंतू मातीतून पसरत, लागेल त्या मुळाला चिकटून त्याची जनुकं वाचत, आणि ती वनस्पती यादीत नसली तर दोन दिवसांत मूळ कुजवत. दर वर्षी नवी यादी बीजाणूंत भरून सोडली जाई. यादीत शिरायचा रस्ता एकच: शास्त्रीय नाव आणि त्या नावाखाली नोंदलेला जनुकांचा ठसा. ठशाहून अर्धा टक्का जरी फरक पडला तरी झाड परकं ठरे.

चाळीस वर्षांपूर्वी काळवेल नावाच्या परदेशी वेलीने खाचरंच्या खाचरं गिळली होती. कोयत्याला ती दाद देईना, औषधाला तर मुळीच नाही. पारखीने तिला तीन पावसाळ्यांत संपवलं. तेव्हापासून निंदणी हा शब्दच लोक विसरले.

डॉ. मृण्मयी केळुसकर ही यादी ठेवणाऱ्या केंद्रात वनस्पतींना नावं द्यायचं काम करी. अकरा वर्षांत तिने तीनशे वनस्पतींना यादीत जागा मिळवून दिली होती. पण मागच्या साली एका घळीतला नेचा, तिने त्याचं वर्णन लिहून पुरं करायच्या आत, कुजून गेला. खडकावर नुसते काळे देठ उरले होते. ते तिच्या मनातून जात नव्हते.

श्रावण सरता सरता ती पठारावर चढली. वाट दाखवायला ठकूबाई गभाले होती. साठी उलटलेली, सडपातळ, कंद खणून आणि जनावरं राखून हे पठार पायाखाली घातलेली बाई.

"हे आमचे कंदील," ठकूबाई म्हणाली.

गवतात शेकडो फुलं उभी होती. खाली फुगीर, वर निमुळती नळी, टोकाला पाच पाकळ्यांची जुळलेली छत्री. कुठे जांभळी, कुठे पिवळ्यावर तपकिरी ठिपके, कुठे हिरवट पांढरी.

"सेरोपेजिया," मृण्मयी पुटपुटली. "म्हणजे मेणाचं कारंजं."

"मेण कशाचं? पिंजरा हाय त्यो." ठकूबाईने एक फूल नखाने चिरलं. आतले केस खालच्या बाजूला वळलेले होते आणि तळाशी एक चिलट फिरत होतं. "वासानं आत येतं. केसांमुळं वर येता येत न्हाई. उद्या केस सुकलं की सुटतं, आन् अंगाला लागलेली भुकटी घेऊन दुसऱ्या कंदिलात शिरतं. म्हनून तर एकासारखा एक न्हाई."

मृण्मयीने तिथेच ठसे काढले. चाळीस झाडांचे चाळीस ठसे निघाले, आणि कुठलेही दोन अर्ध्या टक्क्यात बसेनात.

"मंग?" ठकूबाईने विचारलं.

"एकाला नाव देता येईल. तो नमुना. त्याच्यासारखे जगतील."

"आन् बाकीचे?"

मृण्मयी ठसे वहीत उतरवत राहिली.

"दुष्काळात ह्यांच्या कंदांवर आमची वाडी जगली, ताई. तवा आमी नाव इचारलं न्हवतं."

केंद्रात परतल्यावर तिने प्रमुखांना, डॉ. बेहेऱ्यांना, गाठलं. "ठसा सैल ठेवू या, सर. चाळिसांत जे समान आहे तेवढंच नोंदवू. बाकीचं मोकळं."

"काळवेल याच कुळातली आहे, मृण्मयी. तेवढा समान भाग तिच्यातही असेल. तिचं बी अजून मातीत आहे. तुम्ही दार उघडं टाकताय."

"हो. पण आपण दार लावलं, तेव्हा बाहेर कोण राहिलं हे मोजलं का?"

"एका पठारावरच्या फुलांसाठी?"

"सर, जे जे बदलतं ते आपण मारतोय. चाळीस वर्षांत या मातीत नवं काही जन्मलेलं नाही."

"मी सही करणार नाही."

"माझ्या सहीवर चालतं," ती म्हणाली. नियमच तसा होता. ठशाची जबाबदारी नाव देणाऱ्याची, आणि तो बदलायचा तरी त्याच्याच शब्दावर.

त्याच संध्याकाळी तिने सैल ठशासह नोंद पाठवली: सेरोपेजिया इंडॉसिलिस. लॅटिनमध्ये इंडॉसिलिस म्हणजे शिकवून न ऐकणारी. यादी बीजाणूंत उतरली, वाऱ्यावर गेली. हे ध्यानात येऊन बेहेऱ्यांनी ओरड केली तोवर परत बोलावण्यासारखं काही राहिलं नव्हतं. चौकशी झाली. "पुन्हा असंच कराल?" असं समितीने विचारलं, तेव्हा ती "करीन" म्हणाली आणि ओळखपत्र टेबलावर ठेवून बाहेर पडली.

पारखी पठारावर आली आणि कंदिलांना वळसा घालून गेली. पुढच्या श्रावणात ते सगळे रंग घेऊन फुलले. मृण्मयी आता वाडीतच राहू लागली होती.

तिसऱ्या पावसाळ्यात काळवेल उगवली.

आधी पठाराच्या कडेला, मग खालच्या खाचरांत. वाडीची माणसं मृण्मयीच्या दारात आली. ती म्हणाली, "माझ्यामुळे आलीय. उपटायला मी पुढे असेन. पण यादी पुन्हा आवळा असं मी म्हणणार नाही." काही जण शिव्या देऊन गेले. सातजण थांबले. त्यांना निंदणी शिकवायला ठकूबाई एकटीच उरली होती.

अडचण एकच होती. चार पानांचा कंदील आणि चार पानांची काळवेल हुबेहूब सारखी दिसत. पाचवं पान आलं की फरक कळे, पण तोवर काळवेलीचं मूळ हातभर खोल जाई; ओढलं तर तुटे आणि तुकड्यातुकड्यातून फुटे. ठरवायचं ते चार पानांवरच.

मृण्मयी एका रोपापाशी बसली. तिने भिंगातून पाहिलं, पानाची कड बोटाने चाचपली, वास घेतला. तिच्या अकरा वर्षांच्या विद्येत याचं उत्तर नव्हतं. शेवटी तिने अंदाजाने रोप उपटलं.

मुळाशी मण्याएवढा गोल कंद अर्धा तुटून लोंबत होता.

"कंदील होता," ती म्हणाली. "ठकूबाई, मी कंदील मारला."

ठकूबाईने ते रोप घेतलं, पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "आनखी मरतील तुज्या हातून. माज्याबी मेलेत."

मग तिने पुढच्या रोपाकडे बोट दाखवलं. मृण्मयी गुडघ्यांवर सरकली आणि त्याच्यावर वाकली.