बारा खिळ्यांची काशी

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर आमचं फ्रेमचं दुकान. तिथं बसून बसून मी एक गोष्ट शिकले – माणूस तसबीर कशी धरतो, त्यावरून त्याच्या घरातलं निम्मं कळतं. नवरानवरीचा फोटो लोक काखेत मारून आणतात. गेलेल्या माणसाचा दोन्ही हातांत धरतात. एका बाईनं तर सासूबाईंचा फोटो पिशवीत उभा घालून, वर मेथीची जुडी ठेवून आणला होता. मी मनात टिपून ठेवलं.

पण अठ्ठ्याण्णवच्या माघात, बाजारच्या दिवशी, नारायणगावहून आलेल्या गाडीतून एक जण पाठमोरा उतरला... गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून, पायरी पायानंच चाचपत. तान्हं मूलसुद्धा इतकं जपून उतरवत नाहीत.

"धक्का लावू नका राव," तो मागच्यांना विनवत होता. "काशी हाय, काशी!"

रस्ता ओलांडून तो थेट आमच्या दुकानात. गोधडी फळीवर ठेवली, कपाळाचा घाम बाहीला पुसला.

"काय आणलंय?" मी विचारलं.

"काशी."

"अख्खी?"

"गंगेसकट."

हसला नाही. डोळे मात्र हसत होते. हाताच्या बोटांना वार्निशचा वास, नखांत तांब्याचा तांबूस चुरा. मोटारी भरणारा असणार, मी ताडलं. (होताच. येडगावात पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरायचा. नाव गोरख.)

"नारायणगावात फ्रेमवाले संपले का?"

"एक हाय. म्हणाला, जुनी फेकतो, नवी सोनेरी घालून देतो. उठून आलो." मग गोधडीवर हात ठेवून – "तुमी फेकणार न्हाई ना?"

बाजारात मला लहानथोर सगळे 'ताई' म्हणतात. कांदेवाल्या आजोबांपासून कंडक्टरपर्यंत. हा पाच मिनिटं बोलला, एकदाही 'ताई' म्हणाला नाही. आणि मीही, गिऱ्हाईक कुणी असो 'काय भाऊ' म्हणणारी मी... त्याला भाऊ म्हणायचं माझंही राहून गेलं. हे दोघांच्याही लक्षात आलं, असं मला तेव्हा उगाच वाटलं.

गोष्ट अशी होती. आठ दिवसांनी त्याच्या थोरल्या भावाचं, भरतचं लग्न होतं. त्यांच्या घरात नवी सून उंबरा ओलांडून आली, की देवाच्या आधी काशीला हात लावते. तेलात कालवलेल्या हळदकुंकवात अंगठा बुडवायचा आणि चित्राच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर उठवायचा. काचेवर नाही, कागदावर. म्हणून प्रत्येक लग्नाला तसबीर उघडावी लागे, आणि अंगठा उठला की तिथंच, मांडवात, परत बंद करावी लागे. आजवर हे काम गावातले गेणभाऊ सुतार करत. आता त्यांना दिसत नव्हतं. म्हणून तसबीर आधी दुकानात उघडून ठीकठाक करायची आणि लग्नाच्या दिवशी मांडवात येऊन बंद करायची, एवढं काम होतं.

"कागद फाटला तर आजोबा मला घरात घेणार न्हाईत," गोरख म्हणाला. "आन काच फुटली तर तुमालाबी यायला लावतील."

"कुठं?"

"घरात," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हंजे... जाब द्यायला."

आतल्या खोलीत आण्णा, माझे वडील, खोकले. त्यांचं नाव सोमाजी. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून काच कापायचा हिरा मीच ओढते. त्यांचे कान मात्र शाबूत.

दुपारी बाजार पांगला तेव्हा मी काशी उघडली. काच उदबत्तीच्या धुरानं काळवंडलेली, वरून काही कळत नव्हतं. मागचे गंजके खिळे एकेक करून काढले. बारा होते. पाठीचा पुठ्ठा उचलला, कागद उलटा केला... आणि बघतच राहिले.

नदी होती, रुंद. काठावर उभा कडा, कड्यावर तटबंदी, बुरूज, तोफांच्या खिडक्या. तटाच्या आत घरांची दाटी आणि त्यातून वर गेलेली टोकदार शिखरं. नदीत शिडांची जहाजं, इतकी बारीक कोरलेली की दोरखंड मोजावेत. अलीकडच्या काठावर दोन माणसं उभी. डोक्यावर टोप्या, कमरेला तलवारी.

काशीला तोफा? गंगेत जहाजं? आणि टोपीवाले यात्रेकरू?

खालच्या पट्टीवर अंगठे होते. डावीकडून उजवीकडे, सात. पहिले विटकरी झालेले, शेवटचा अजून पिवळसर. त्या अंगठ्यांखाली छापलेली इंग्रजी अक्षरं होती. बहुतेक हळदीखाली गेलेली, उजव्या टोकाची चारच उघडी – ई, बी, ई, सी.

मी तशी कुणाच्या भानगडीत पडत नाही. फक्त माहिती ठेवते. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत गेले आणि ॲटलासच्या मागची नावांची यादी काढून बसले. तासाभरानं सापडलं. क्युबेक. कॅनडा. सेंट लॉरेन्स नदी, नववीच्या भूगोलात होती ती. गोऱ्यांनी समुद्रापार जाऊन वसवलेलं, तटबंदीचं शहर.

येडगावच्या एका घरात चार पिढ्या क्युबेकला उदबत्ती लावत होत्या.

मला हसू आलं. मग ते सात अंगठे आठवले, आणि हसू गेलं.

त्या आठवड्यात गोरख तीनदा आला. एकदा म्हणे तार घ्यायची होती – तार नारायणगावात मिळते. एकदा म्हणे बेअरिंग. तिसऱ्यांदा त्याला कारणच सुचलं नाही.

"काशी बरी हाय ना?"

"जेवते-खाते," मी म्हटलं. "तुमची आठवण काढत होती."

"काशी?"

"मग कोण?"

तो काउंटरवरच्या काचेच्या तुकड्यांशी खेळत राहिला. मी त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला. "कापेल."

"तुमचा अंगठा कापलेला दिसतोय की."

उजव्या अंगठ्यावर मधोमध उभी खूण आहे माझ्या, पहिल्या वर्षी काच निसटली तेव्हाची. मी हात मागे घेतला. त्याच खुणेवरून मंचरच्या स्थळाच्या मध्यस्थानं विचारलं होतं, 'हे लग्नापर्यंत जाईल ना?' मुलगा पुण्यात कंपनीत. माणसं पुढच्या रविवारी बघायला येणार होती, भरतच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. आण्णा खूश होते. मलाही काही हरकत नव्हती... म्हणजे, मागच्या बाजारापर्यंत नव्हती.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "तुमची काशी..."

"काशी न्हाई," गोरख हळूच म्हणाला.

मी हातातला काचेचा तुकडा खाली ठेवला.

"नववीत व्हतो. चुलत्याच्या लग्नाला उघडली, तवा एक अंगठा कमी व्हता. नाव वाचलं, भूगोलाच्या पुस्तकात हुडकलं. बेक्कार रडलो राव." त्यानं मान वर केली. "आजोबांना काशीला जायचं व्हतं. आजीला घेऊन. दर साली ठरवायचे, दर साली शेतीचं काहीतरी निघायचं. आजी गेली. तवापास्नं ते रोज सकाळी या चित्राम्होरं बसत्यात. आता त्यांना काय सांगू?"

"मग इतकी वर्षं कुणालाच...?"

"कुणालाच न्हाई. तुमी पहिल्या."

तेवढ्यात स्टँडवरची गाडी सुटली, आणि धुरळा दुकानात आला. दोघांनीही डोळे चोळले. धुरळ्याचं एक बरं असतं.

लग्नाच्या दिवशी मी आण्णांबरोबर येडगावला गेले. धरणाच्या पाण्यावरून गार वारा येत होता, मांडवाची झालर फडफडत होती. भरतची बायको, संस्कृती, हातभर चुडा घालून उंबऱ्यातून आत आली. मी पाटावर कागद पसरला, कडेनं दाबून धरला. तिनं अंगठा बुडवला, सातव्याच्या शेजारी उठवला. दोन अक्षरं गेली. दोन उरली.

मी पुठ्ठा उचलणार, तोच बाजेवरून आवाज आला.

"थांब पोरी."

धर्माजी आजोबा. पांढरी दाढी, हातात काठी. उठून कागदाजवळ येऊन बसले. बोट पाचव्या अंगठ्यावर अलगद टेकवलं.

"ही आमची मंडळी," ते म्हणाले. "पंधरा वर्साची व्हती. अंगठा उठवला आन भ्याली, म्हणली, कागद खराब केला मी." मग माझ्याकडे वळले. "तू शिकल्याली हाईस म्हणं. इंग्रजी येतंय?"

"येतं."

"मग सांग. खाली काय लिव्हलंय? लई वर्सं झाली, इचारायचं राहून गेलं. समद्यांम्होरं सांग."

वाजंत्री थांबली. सगळ्या बायका माना उंच करून बघत होत्या. आणि खांबाला टेकून गोरख. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी खोटं बोलले तर आजोबांच्या बोटाखाली खोटं. खरं बोलले तर...

मी त्या आठ अंगठ्यांकडे पाहिलं.

"आजोबा," मी म्हणाले, "छापलेलं सगळं हळदीखाली गेलंय. आता इथं तुमच्या घरातल्या बायकांचे अंगठेच तेवढे वाचता येतात."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिशीतून हसले.

"वाच मंग," ते म्हणाले. "तेच वाच."

मी डावीकडून सुरुवात केली. एकेका अंगठ्यावर बोट ठेवलं, आणि आजोबांनी एकेक नाव सांगितलं. पाचव्याला त्यांचा आवाज बारीक झाला. आठव्याला संस्कृती लाजली आणि वाजंत्री परत सुरू झाली.

मग मी काशी बंद केली. पुठ्ठा बसवला, खिळे मारले. हातोडी खाली ठेवताना कुणाचं लक्ष नाही, हे मी बघून घेतलं होतं.

शुक्रवार गेला. शनिवारची दुपारही गेली. आण्णांनी दुकानाला नवा पडदा लावला, मंचरकर दारावरून गेले तर दिसावा म्हणून. मी एका फोटोची काच तीनदा चुकीच्या मापाची कापली. असं माझं होत नाही.

संध्याकाळी नारायणगावच्या गाडीतून कुणीतरी पाठमोरं उतरलं. छातीशी गोधडी.

त्यानं तसबीर फळीवर ठेवली. कपाळ बाहीला पुसलं.

"तक्रार हाय."

"कसली?"

"काम कच्चं केलंय तुमी." त्यानं तसबीर उलटी केली. "आज भिंतीला लावताना पुठ्ठा हलला. मोजले. चारच खिळे मारलेत."

"चारच?" मी पाहिलं. "असतील."

"गेणभाऊ बारा मारायचे."

"गेणभाऊंना घाई नव्हती."

"तुमाला व्हती?"

मी खिळ्यांचा डबा पुढे ओढला, उरलेले आठ खिळे मोजून त्याच्यासमोर ठेवले. त्याच कामाचे. वेगळे काढून ठेवलेले. तो त्यांच्याकडे बघत राहिला... मग माझ्याकडे.

"लगेच उघडायची असली," मी म्हणाले, आवाज माझाच होता की नाही कुणास ठाऊक, "तर बारा खिळे काढताना कागदाला इजा होते."

"लगेच म्हंजे कधी?"

"ते घरच्यांनी ठरवायचं असतं. मी फक्त दुकानदार."

"आजोबांनी ठरवलंय," गोरख म्हणाला. "मांडवातनं पाव्हणं गेल्यावर मला म्हणाले, ती पोरगी खोटं बोलली न्हाई आन कुणाला दुखवलंबी न्हाई. दुसऱ्या कुणी नेण्याच्या आत जा." त्यानं श्वास घेतला. "ते पाठवत्यात म्हणून आलो न्हाई. आजोबा बोलले न्हाईत तरी येणार व्हतो. तारेचं, बेअरिंगचं... ते काय मला लागत नव्हतं, शीला."

पहिल्यांदा नाव घेतलं त्यानं. स्टँडवर कुणीतरी जुन्नर-जुन्नर ओरडत होतं, ते लांब गेलं.

"अंगठ्याची खूण जाणार नाही बरं," मी म्हणाले. "आधीच सांगते."

"जाऊ देऊ नका."

आतून आण्णा खोकले. एकदा. दोनदा. मग त्यांचा आवाज आला –

"शीला, समोरचा एसटीडीवाला अजून उघडा आहे का बघ गं. मंचरला एक फोन लावायचाय. उद्याचं त्यांना कशाला उगाच गाडीभाडं... आणि पाव्हण्याला चहा विचार. कधीचा उभा आहे तो!"

वैशाखात काशी परत उघडली. चार खिळे, अर्ध्या मिनिटात. मीच काढले – नवरीनं स्वतः तसबीर उघडल्याचं येडगावात कुणी पाहिलं नव्हतं, पण आजोबांनी मान हलवली.

हळदकुंकवात अंगठा बुडवला. संस्कृतीच्या अंगठ्याशेजारी दोन अक्षरं उरली होती. आजोबा बाजेवरून बघत होते. गोरखनं कागदाची कड धरली होती.

त्या दोन अक्षरांवर मी अंगठा नीट, सावकाश दाबला. उचलला तेव्हा पिवळसर गोलात मधोमध एक पांढरी उभी रेघ उठली होती, माझ्या काचेची. अक्षर मात्र एकही दिसत नव्हतं.

मांडवात मी आजोबांना जे सांगितलं होतं, त्यात त्या दिवशी दोन अक्षरांचं खोटं होतं. आज ते पुरतं खरं झालं.

मग मी बाराच्या बारा खिळे मारले.