तिघांच्या तोंडी एकच लिफ्ट

तपासनीस बाईंचा चहाही पुरता पिऊन झाला नव्हता, तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला.

"बाई, लगेच निघा. काल दुपारी तीन खोल्यांत तीन उमेदवार, आणि तिघंही एकाच लिफ्टमध्ये अडकले!"

"लिफ्टमध्ये?"

"गोष्टीतल्या हो! इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत तिघांनी एकच प्रसंग सांगितला. दोघांचा तर शब्दाला शब्द जुळतो. संध्याकाळी निकाल पाठवायचेत. मी तिघांचेही रद्द करून मोकळा होतोय."

"मी येईपर्यंत मोकळे होऊ नका," म्हणत बाईंनी चपला पायात सरकवल्या.

बाई पूर्वी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. आता परीक्षेतले गैरप्रकार शोधायच्या. या परीक्षेत विषय साधेच असतात. घर, काम, शेजारी, सुट्टीचा दिवस. मग हातात एक कार्ड देतात आणि स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगायला लावतात. समोर एकच परीक्षक, मध्ये टेबल, टेबलावर रेकॉर्डर. तिसरं कुणी नाही.

केंद्रावर सगळ्यांचाच जीव थाऱ्यावर नव्हता. वरच्या मजल्यावर भिंतीला भोकं पाडण्याचं काम चाललं होतं आणि दर घरघरीला केंद्रप्रमुख खुर्चीतून उठत होते. रेकॉर्डिंग सांभाळणारा तंत्रज्ञ गळ्यात हेडफोन अडकवून कोपऱ्यात उभा होता. त्याला सगळे 'आवाजवाला' म्हणत. खिडकीपाशी सगळ्यांत जुने परीक्षक बसले होते. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत.

"रेकॉर्डिंग तर याच्याच ताब्यात असतात," मास्तर हळूच म्हणाले. "मी आरोप करत नाही हं. नुसतं बोलतोय."

"नुसतं कशाला बोलता, सरळ बोला की!" आवाजवाला उसळला.

बाईंनी दोघांकडे दुर्लक्ष केलं. "पहिला उमेदवार बोलवा."

पहिला टँकर चालवणारा होता. खुर्चीच्या अगदी कडेला टेकला.

"लिफ्टची गोष्ट तुमची?"

"हो."

"कुठली लिफ्ट?"

"हॉस्पिटलची."

"तिथे तुम्ही काय करत होता?"

त्याने मान पुसली. "जाऊ द्या मॅडम. माझ्या आयुष्यात काही घडतच नाही."

"टँकर चालवता आणि काही घडत नाही?"

"घडलं असतं तर मी इथे बसलो असतो का?"

आवाजवाल्याला हसू फुटलं. बाईंनाही आवरेना. "बरं, गोष्ट दिली कुणी?"

"फोनवर शिकवणी आहे. एक बाई सांगतात, आपण मागून म्हणायचं. तोंड कधी पाहिलं नाही. सकाळपासून लावतोय, उचलतच नाहीत."

दुसरी नुकतीच लग्न झालेली मुलगी, नवऱ्याकडे परदेशी निघालेली. तिचीही तीच फोनवरची शिकवणी. तिने न अडखळता एका दमात सगळं म्हणून दाखवलं. लिफ्ट मध्येच थांबली. अंधार झाला. स्ट्रेचरवरच्या आजोबांनी माझ्या उजव्या हाताची करंगळी घट्ट धरली. मी म्हणाले, घाबरू नका.

"टँकरवाल्याच्या रेकॉर्डिंगमध्येही उजव्या हाताची करंगळीच आहे?" बाईंनी विचारलं.

"हुबेहूब," आवाजवाला म्हणाला.

"आता तिसरी ऐका," केंद्रप्रमुख घाईने म्हणाले. "ती नर्स आहे. मागच्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली. मास्तरांनीच घेतली होती तिची परीक्षा. तेव्हाही हीच गोष्ट सांगितली होती. म्हणजे गोष्ट तिची, आणि शिकवणीतला आवाजही बाईचा. तिनेच वाटली. पुढची काही वर्षं तिला परीक्षेला बसू द्यायचं नाही."

"तिची दोन्ही रेकॉर्डिंग लावा."

आवाजवाल्याने लावली. नर्सचं इंग्रजी ठेचकाळत चाललं होतं. आजोबांनी हात धरल्याचं सांगताना ती थांबली. "ही कॉट माय... धिस... धिस वन." काल घेतलेल्या परीक्षेतही त्याच जागी तीच अडखळ. "धिस वन."

बाई उठून येरझाऱ्या घालू लागल्या. काहीतरी खुपत होतं, पण काय ते सापडेना.

नर्स आत आली. डोळे तांबारलेले, पण आवाज स्थिर.

"ही गोष्ट आणखी कुणाला सांगितली होतीत?"

"कुणालाच नाही. लिफ्ट बंद पडली होती हे बाहेर बोलू नका, अशी हॉस्पिटलची ताकीद होती. घरीसुद्धा नाही बोलले. इंग्रजीत बोलताना वाटलं, हे माझं नाहीच. म्हणून सांगता आलं."

"आज निकाल गेला नाही तर?"

"परदेशातली जागा दुसऱ्या कुणाला देतील. तसं त्यांनी स्पष्ट कळवलंय."

"आजोबांनी काय धरलं होतं, ते दाखवा."

टेबलापलीकडे बसलेल्या नर्सने हात उचलून करंगळी पुढे केली. बाईंनी कागदावर 'उजवी' असं लिहायला घेतलं आणि पेन मध्येच थांबलं.

"हा हात कुठला?"

"डावा. उजव्या हातात सलाईनची बाटली होती ना, उंच धरलेली. खाली घेतली असती तर नळीत रक्त उलटं आलं असतं."

बाई आपल्याच अर्धवट शब्दाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांना इथेच बोलवा."

सगळे जमले. वरची घरघर थांबली होती. आता ती शांतताच जास्त अस्वस्थ करत होती.

"ज्याने शिकवणीसाठी ही गोष्ट लिहिली," बाईंनी सुरुवात केली, "त्याला करंगळी माहीत होती. पण हिच्या रेकॉर्डिंगमध्ये करंगळी नाही. इंग्रजी शब्द आठवला नाही म्हणून हिने ती नुसती दाखवली. म्हणजे ऐकणाऱ्याला कळणं शक्यच नव्हतं. आवाजवाला सुटला."

आवाजवाल्याने सुस्कारा सोडला.

"पण लिहिणाऱ्याने हात चुकवला. हिचा डावा, गोष्टीत उजवा. स्वतःचा हात कुणी चुकवत नाही. त्यातून उजव्या हातात बाटली धरून ती उभी होती, विसरेल कशी? म्हणजे लिहिणारी ही नाही. समोरच्याचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला दिसतो. बेसावध असलो की आपण पटकन उजवा म्हणून जातो. आत्ता मीही तेच लिहीत होते. ही चूक फक्त टेबलापलीकडे, हिच्या समोर बसलेल्या माणसाच्याच हातून होते."

"असे तर दोन परीक्षक झाले," केंद्रप्रमुख पुटपुटले.

"कालच्या परीक्षकाने ऐकली तेव्हा बाकीच्या दोघांची गोष्ट पाठ होऊन बसली होती. उरला मागच्या खेपेचा."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"हे काय पोरकट!" मास्तर हसले. "आणि शिकवणीतला आवाज तर बाईचा आहे."

"बरोबर. म्हणून एकच करू. टँकरवाल्याकडे त्या बाईंचा नंबर आहे. तो तुमच्या फोनवर टाकू. ओळखीचा असला तर नाव आपोआप येईल."

मास्तरांचा हात झटकन फोनवर पडला आणि तिथेच राहिला.

"सूनबाई आहे," ते म्हणाले. "तिचा क्लास बंद पडायला आला होता. आणि ही मुलं तरी काय करणार? घराबद्दल सांगा म्हटलं तर गप्प, कामाबद्दल सांगा म्हटलं तर गप्प. तोंडात घालायला काहीतरी हवं ना त्यांच्या?"

"म्हणून हिच्या तोंडचं काढून घेतलंत?" बाई म्हणाल्या. मग केंद्रप्रमुखांकडे वळल्या. "त्या दोघांची परीक्षा पुन्हा घ्या. हिचा निकाल पाठवा."

केंद्रप्रमुखांनी खाली मान घालून कॉम्प्युटर पुढे ओढला.

नर्स मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, त्या दोघांचं रेकॉर्डिंग सकाळी मला ऐकवलं. त्यात शेवटी आजोबा बरे होऊन घरी जातात."

"तुझी वेळ संपली होती तेव्हा," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "शेवट मला माहीतच नव्हता. चांगलाच केला."

"हो. ऐकताना क्षणभर मलाही बरं वाटलं." ती थांबली. "पण लिफ्टचं दार उघडल्यावर त्यांच्या मुठीतून माझं बोट मलाच सोडवून घ्यावं लागलं, सर. त्यांना ते सोडता येत नव्हतं."

केंद्रप्रमुखांनी बटण दाबलं.

"निकाल पाठवलाय," ते म्हणाले. "ताई, तुम्ही घरी जा. सामान बांधायला घ्या."