सगुणाचा अर्ज गेला कुठे?

"माझा अर्ज कोणीतरी चोरलाय!" सगुणा दारातूनच म्हणाली.

बाबूने वहीत 'चोरी' असं लिहून खाली ठसठशीत रेघ ओढली. १९८४च्या एप्रिलात रत्नागिरीचे एकुलते एक खाजगी गुप्तहेर नासिर मुकादम यांच्याकडे अखेर काम आलं होतं, आणि मदतनीस म्हणून बाबूला स्फुरण चढलं होतं.

आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात देखरेखीची जागा निघाली होती. पावस गावच्या कारखान्यात दोन हंगाम काम केलेल्या सगुणाने अर्जाचा बंद लिफाफा स्वतः नेऊन दिला होता. मुलाखती आज चारला, आणि यादीत तिचं नावच नव्हतं.

"ही जागा गेली तर आईला सोडून मुंबईला मामाकडे जावं लागेल, नासिरभाई."

पहिला संशय अर्ज टाइप करून देणाऱ्या टंकलेखक काशीरामवर.

"मी कशाला चोरू?" तो फणकारला. "असा झोकात बायोडाटा केला! उंची, वर्ण, मामाचं गाव... माझ्या हातच्या कागदावर यंदा सात पोरींचं भलं झालंय."

टाइपरायटरशेजारी हळदीची वाटी होती.

"ही कशाला?"

"लिफाफ्याच्या कोपऱ्याला बोट लावतो. शुभ असतं."

दुसरा संशय कारखान्याचा कारकून सदूवर.

"एकतीस अर्ज आले, एकतीस फायलीत आहेत. शेठच्या घरचं टपाल मी न फोडता माडीवर आजींकडे पाठवतो. हल्ली धाकट्या शेठमुळे तेच जास्त येतं."

"न फोडता कळतं कसं?"

"वीस वर्षं झाली, साहेब. लिफाफा बघूनच कळतं."

बाहेर येताच बाबू कुजबुजला, "सदूच! घाम बघितलात त्याचा?"

"एप्रिल आहे, बाबू. मलाही आलाय."

पावणेचारला नासिरने सगळ्यांना शेठच्या खोलीत जमवलं.

"काशीराम, त्या सात पोरींना नोकऱ्या कुठे लागल्या?"

"नोकऱ्या?" काशीराम गोंधळला. "लग्नं झाली त्यांची!"

"झालं तर. चोरी झालीच नाही. काशीरामने सवयीने लग्नाचा बायोडाटा केला आणि हळदही लावली. सदूने हळद बघितली आणि लिफाफा माडीवर पाठवला. धाकट्या शेठसाठी मुली बघताय ना?"

तेवढ्यात लिफाफा हातात घेऊन आजीच खाली आल्या. "मुलगी मला पसंत आहे. पत्रिका तेवढी राहिलीय."

सगुणा लालबुंद झाली.

"शेठ," नासिर म्हणाला, "पावसला तिने काय केलं, एवढंच विचारा."

"गेल्या हंगामात बारा हजार डबे माझ्या देखरेखीखाली बंद झाले," सगुणा म्हणाली. "एकही फुगला नाही."

शेठ खुर्चीत सरळ झाले, आजींच्या हातातला कागद घेऊन त्यांनी चाळला. "एकही? मग हे अर्जात का नाही?"

"आहे की!" काशीराम म्हणाला. "'छंद' या सदरात घातलंय."

"सदू, हिचं नाव यादीत सगळ्यात वर घे!"

साडेपाचला सगुणा नेमणुकीचं पत्र घेऊन बाहेर आली. आजी वाटच बघत होत्या.

"आणि माझ्या नातवाचं काय गो?"

"त्यांना अर्ज करायला सांगा, आजी. वाचून कळवते."